अल्कली म्हणजे राखच, दादा

दादा,

काल तुझं तेरावं झालं. जेवायला आलेली माणसं गाड्या जुंपून आपापल्या गावी गेली, मी अंगण झाडलं, आणि आज सकाळी तुझं सहावं प्रकरण पुढ्यात घेऊन बसले. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. बरं. पण मरणाऱ्यानेही मागे राहणाऱ्याच्या डोक्याला ताप होईल असं काम अर्धवट टाकून जाऊ नये, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं काय?

चाळीस जागा मोकळ्या होत्या. मी बोट ठेवून मोजल्या. वाक्य नीट चालत येतं आणि मध्येच खड्डा. 'आम्लामध्ये' असं लिहिलेलं आहे, मग दोन बोटं कोरा कागद, मग 'मिसळल्यास मीठ तयार होते'. काय मिसळल्यास? तुझं डोकं?

"भागे, सध्या शब्द लिहूच नको," तू म्हणाला होतास. "तेवढी जागा सोड. आठ दिवसात पक्का करतो."

आठ दिवसात तूच गेलास.

आणि ही काही पहिली प्रत नव्हे. बारावी आहे. हे एकच प्रकरण मी अकरा वेळा सगळंच्या सगळं उतरवलं, कारण दर खेपेला तुझा तो एक शब्द बदलायचा. आधी 'सज्जी' होता. मग 'खार'. मग 'क्षार'. मग पुन्हा 'अल्कली', कारण उर्दू पुस्तकात तोच आहे आणि इंग्रजीतही तोच आहे म्हणून. मग एका सकाळी दात घासता घासता तुला 'भस्मसत्त्व' सुचलं. तेव्हा मी लेखणी खाली ठेवली होती. म्हटलं, "ह्यो शब्द हाय का कुन्या गोसाव्याचं नाव?" तू हसला नाहीस. तुला त्या शब्दाच्या बाबतीत कधी हसू आलंच नाही, आणि त्याचं कारण मला आज दुपारी कळलं. ते पुढे सांगते. आधी माझं ऐक. जिवंतपणी कधी पुरतं ऐकलं नाहीस.

मी अठरा वर्षांची होते. पटकीच्या साथीत माझा नवरा गेला आणि सासरच्यांनी मला गाडीत बसवून सिंदफणेच्या काठी, आपल्या गावी आणून सोडलं. आई तोवर गेलेली होती. आपल्या चुलत्यांनी, नानांनी, महिन्याच्या आत माझं मोहतूर ठरवायला घेतलं. माजलगावच्या बाजारात गाठ पडलेला कुणी बिजवर होता, दोन लेकरांचा. दुसरा नवरा करून देणं म्हणजे नानांच्या लेखी उपकारच होता. तू बीडहून आलास. भर बैठकीत, सगळ्या भावकीसमोर, दाराआड उभ्या असलेल्या मला विचारलंस, "भागे, तुला काय पाह्यजे?"

जन्मात मला तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.  मी म्हणाले, "हितं न्हाई ऱ्हायचं."

"मग चल," तू म्हणालास. एवढंच. नाना ओरडत राहिले आणि तू मला बीडला घेऊन आलास. वहिनी पहिल्याच बाळंतपणात गेल्या होत्या. घरात तू, तुझी पुस्तकं, आणि चुलीवर करपलेलं पिठलं. तिसऱ्या दिवशी तू माझ्यापुढे पाटी ठेवलीस. आधी बाळबोध, मग मोडी, मग उर्दू. माझं अक्षर सुबक निघालं तेव्हा तू पाटी उचलून शेजारी दाखवायला गेलास, लहान मुलाला चालता आल्यासारखा. हे मी विसरलेली नाही. हे विसरता आलं असतं तर तुझ्यावर रागावणं सोपं झालं असतं.

पण त्या सुबक अक्षराचं पुढे तू काय केलंस? तुझी नकलनवीस केलीस मला.

रसायनाचं हे पुस्तक कशासाठी, हे मात्र मला कायम पटलेलं होतं. तुमच्या शाळेत वरच्या वर्गात सगळं उर्दूत चालतं. पोरं कुठली? कड्याकडची, माजलगावकडची, कुणी थेट परळीहून आलेलं. घरी मराठी, शेतात मराठी, आणि वर्गात घडाघडा म्हणायचं की तेजाब और अल्कली मिले तो नमक बनता है. तू एकदा विचारलंस, "अल्कली मंजी काय रे?"  मग मागून एकजण म्हणाला, "सायबाचं नाव आसंल, मास्तर. त्यानं शोधलं आसंल." तू घरी येऊन मला हे सांगितलंस तेव्हा मी पोट धरून हसले. तू मात्र भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणालास, "ह्यांच्यासाठी मराठीत लिहायला पाह्यजे, भागे. पाठ करत्यात आन् मोकळी हुत्यात. कळत कायबी न्हाई."

पाच प्रकरणं दोन वर्षांत झाली. आणि सहाव्यावर गाडी अडली ती कायमची.

मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "खार लिही की. पापडात खार घालतोच आपण. समद्या बाया वळखतात."

"खार म्हटलं की पोरं मीठ समजत्यात," तू म्हणालास. "खारट मंजी मिठाचंच. मग मी काय लिहू? आम्ल आन् खार मिळून खार हुतो? मीठ येगळं, ह्ये येगळं. ह्ये जिभंला लावलं तर बुळबुळीत लागतंय, आंबटाला मारतंय, आन् त्या मारामारीतनं मीठ जन्मतं."

तुझं म्हणणं बरोबर होतं. हे आत्ता कबूल करते, त्या दिवशी केलं नव्हतं.

मग तू मौलवी साहेबांना विचारायचं ठरवलंस. तू शिकत होतास तेव्हा त्यांनी तुला फारसी शिकवली, आणि पुढे तू त्यांच्याच शाळेत मास्तर झालास. ते आपल्या ओसरीवर येऊन बसले. मी आत दारामागे तांदूळ निवडत होते. तू त्यांना इंग्रजी पुस्तक उघडून दाखवलंस आणि अदबीने म्हणालास की हा इंग्रजांचा शब्द दिसतो, त्याचं मूळ कुठे सापडेल?

मौलवी साहेब असे हसले की त्यांना ठसका लागला.

"अरे मास्तर, ये अंग्रेज का लफ्ज कायका? ये तो हमारा है. अरबी. 'क़ला' बोले तो भूनना, जलाना. एक झाड रहता खारी जमीन में, उसको जला के जो राख बचती, उसको 'क़िली' बोलते. आगे का 'अल' तो ऐसाच, अरबी में नाम के आगे लगाते. अंग्रेज आया, उसको मालूम नहीं 'अल' क्या है, वो पूरा लफ्ज 'अल' के साथच उठा के ले गया."

तू थक्क होऊन बघत राहिलास. आणि मला राहवलं नाही. मी आतून मोठ्यानं म्हणाले, "मंजी राखच की!"

मौलवी साहेब पुन्हा हसले. "हां बेटी, राखच."

तू हसला नाहीस. ते गेल्यावर तू घरात आलास आणि माझ्यावर ओरडलास, की चार माणसांत आतून बोलू नये. चार माणसं कुठली? एक म्हातारे मौलवी साहेब होते.

मग आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही. मी म्हणाले, अरे, आई काय करायची? आघाडा उपटून वाळवायची, तिळाच्या काड्या जाळायची, ती राख बुडाला भोक असलेल्या मडक्यात भरायची आणि वरून पाणी सोडायची. खाली टपटप जे गळायचं त्याने आपले कपडे धुवायची, त्यातच पापडाचं पीठ भिजवायची. ते तुझं अल्कली. आपण दोघं त्याच्यात वाढलो. तू एकदा त्यात बोट बुडवून चाटलंस आणि जीभ सोलली म्हणून दिवसभर रडलास. एवढं ओळखीचं असताना तू कुठं कुठं फिरतोयस?

"शास्त्रात राख न्हाई चालत," तू म्हणालास.

"कावून न्हाई चालत?"

"पोरांना चूल दिसंल."

"दिसू दे की! तेजाबाला आम्ल लिहिलंस तवा चिंच दिसतीच की पोरांना. त्ये चाललं. मग चुलीनं काय घोडं मारलं?"

 नुसतं "तुला कळत न्हाई" म्हणालास आणि पागोटं डोक्यावर घालून बाहेर गेलास. तुझं सगळ्यात चीड आणणारं वाक्य ते. तूच मला सगळं शिकवलंस, आणि मग तूच म्हणायचास की मला कळत नाही.

त्यानंतर एका वैद्याने तुला सांगितलं की क्षार हा 'क्षर' वरून आला, क्षर म्हणजे झिरपणं, पाझरणं. म्हणजे पुन्हा आईचं मडकंच. मी नुसतं तुझ्याकडे पाहिलं. मग शाळेतून तू इंग्रजी कोश आणलास आणि 'पोटॅश' शब्द काढून मोठ्यानं वाचलास. "पॉट मंजी मडकं. ॲश मंजी..." आणि थांबलास.

"राख," मी भाकरी थापता थापता म्हणाले. "मडक्यातली राख. सायबाला लाज वाटली न्हाई, तुलाच कावून वाटती?"

तू कोश मिटलास. त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, हरला म्हणून फुगलाय. खरं सांगते, मला जरा बरंही वाटलं होतं.

सगळेच दिवस असे नव्हते. तुझ्या धोतरावर वरणातल्या हळदीचा डाग पडला होता तो दिवस आठवतो का? मी राखेचं पाणी लावलं आणि डाग लालभडक झाला. तू आंघोळीच्या दगडावरून ओरडलास, "थांब, धू नको!" मग घरातली सगळी हळद काढलीस. वाटीत हळद, राखेचं पाणी, लाल. त्यात लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं. पुन्हा राखेचं पाणी, पुन्हा लाल. तू ओल्या अंगाने अंगणात उभा, आणि तुझा चेहरा असा की मला वाटलं, हा माणूस आता नाचतोय. "भागे, परीक्षा सापडली! पोरांना काचेच्या नळ्या नकोत, कागद नकोत, कायबी नको. हळद समद्या घरात हाय!"

माझ्या हाताला तो लाल रंग लागला होता. तळव्यावर, बोटांवर. मी पुसायला गेले तर तू मनगट धरलंस. "पुसू नको, बघू दे." तू माझा तळवा उन्हात धरून बघत होतास, रंग किती टिकतो म्हणून. माझ्या हातावर कुंकवाचा रंग आहे, आणि मी कोण आहे, हे तुझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. शेजारची बाई कुडावरून बघत होती. मी मान खाली घातली. तू मात्र म्हणालास, "लई झकास रंग आलाय!"

दादा, त्या दिवशी मी आत जाऊन रडले. वाईट वाटून नाही. तुझ्यासमोर मी विधवा नव्हतेच कधी, भागी होते, हे तेव्हा कळलं. हे तुला सांगायचं राहिलं. बाकी भांडणं एवढी होती की ह्याला जागाच मिळाली नाही.

आणि असाच माणूस माझा कागद तीन आठवडे उशाखाली ठेवतो, हे मला आजही जमवता येत नाही.

मुलींचा मदरसा, म्हणजे शाळा, निघाली तेव्हा मराठी शिकवायला बाई पाहिजे होती. मौलवी साहेबांनीच निरोप आणला. दरखास्त मी माझ्या हाताने लिहिली, उर्दूत एक आणि मराठीत एक. खाली वलीची सही लागत होती, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाची. मी ती तुझ्या हातात दिली. तू वाचलीस, "अक्षर लई छान" म्हणालास आणि उशाखाली सारलीस.

"सही कर की."

"करतो. ह्ये सहावं हातावेगळं हू दे. मग निवांत करू."

सही निवांत करायची असते काय? मी रोज विचारलं. रोज सहावं. मी तोवर नववी प्रत काढत होते. शेवटच्या दिवशी सकाळी मी लेखणी तुझ्या हातात दिली, तर तू त्याच लेखणीने 'खार' खोडून 'क्षार' केलंस. दुपारी मुदत संपली. जागा जालन्याहून आलेल्या एका बाईला मिळाली.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. ते तुला चौथ्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी!

"तू रागावलीस काय?" तू विचारलंस.

"न्हाई."

"मग ठीक हाय. पुढच्या बारीला बघू."

एक गोष्ट मी तुला कधीच विचारली नाही. तू खरंच विसरलास, का मी मदरशात गेले तर प्रती कोण काढणार म्हणून विसरलास? विचारायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. उत्तर काय येईल ह्याची भीती होती. आता भीती नाही, पण आता उत्तरही नाही. हे काही चांगलं केलं नाहीस तू.

मुदतीच्या तापाने तुला गाठलं तेव्हा चौथ्या दुपारी तू शुद्धीवर आलास. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. तुझे ओठ हलले. "भागे..." मी कान जवळ नेला. मला वाटलं, आता म्हणशील. सहीचं काहीतरी म्हणशील. निदान बाई गं, चुकलो, एवढं तरी.

"क्षार नको," तू म्हणालास. "खार... न्हाई... राख तर नकोच..."

"बरं," मी म्हणाले.

तेच तुझं शेवटचं बोलणं. माणसं जाताना देवाचं नाव घेतात, लेकराबाळांची नावं घेतात. तू जातानाही खाडाखोड केलीस.

म्हणून आज सकाळी मी बसले आणि एकेक जागा भरत गेले. तुझं म्हणणं आठवलं, नुसत्या खाराने मिठाचा घोळ होतो. माझं म्हणणं तर माझ्यापाशीच होतं. दोन्ही धरून लिहिलं: 'राखखार'. पहिल्या ठिकाणी खाली बारीक अक्षरात टीप टाकली, की झाड जाळून उरलेल्या राखेतून पाण्यात जे उतरतं ते राखखार, अरबी लोकांनी ह्यालाच अल-क़िली म्हटलं आणि इंग्रजांनी त्यांच्याकडून घेऊन अल्कली केलं. तीन ओळी. तीन ओळींचं काम होतं दादा, आणि तू त्यात दीड वर्ष घातलंस. चाळीस ठिकाणी राखखार लिहिला. तुला पटत नसेल तर ये भांडायला.

ऊन वर आल्यावर नाना निघाले. तेराव्यापर्यंत थांबले होते. म्हणाले, "सामान बांध. चार दिसांनी गाडी धाडतो. ही रद्दी घेऊ नको, गाडीत जागा न्हाई." मी दरखास्तीचं बोलले. मदरशात आणखी एक बाई घेणार आहेत असा मौलवी साहेबांचा निरोप होता. म्हटलं, वली म्हणून तुम्ही सही करा.

"बाईमाणसानं पगार घ्यायचा? न्हाई गं बाई, मला त्या भानगडीत वढू नको," नाना म्हणाले आणि गाडीत बसले.

दुपारी मौलवी साहेब आले. ओसरीवर तुझ्या जागेकडे बघून जरा उभेच राहिले, मग दुसऱ्या कोपऱ्यात बसले. मी दारामागे गेले नाही. समोर बसले आणि प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं. ते बाळबोध अडखळत वाचतात. 'राखखार' वर त्यांचं बोट थांबलं.

"ये उसने लिखा?"

"न्हाई. मी."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बेटी, वो मदरसे में नया आया था तब उसके कपडे राख में धोए सो, मटमैले रहते थे. बाकी लडकां साबन के कपडे पहनते थे. वो उसको राखुंड्या बोलते थे. एक साल नहीं, पूरे पाँच साल. वर्ग में आया तो सब नाक पकडते, राखुंड्या आया बोल के. उस दिन मैं यहाँ हँसा, तू अंदर से राख बोली, फिर मैंने उसका मुँह देखा. तब मेरे को याद आया."

मी प्रकरण माझ्याकडे ओढून घेतलं.

पाच वर्षं, दादा? आणि सुट्टीत गावी आलास की आईला म्हणायचास, शाळेत सगळे मला मान देतात. आई ते ऐकून आणखी घासून घासून धुवायची तुझे कपडे, त्याच राखेने. मी शेजारी बसून पाणी घालायची. आणि इथे ह्या घरात मी तुला महिनोन्महिने राख, राख, राख म्हणून टोचत राहिले. सायबाला लाज वाटत नाही, तुला का वाटते, असं हसत विचारलं. हे मला सांगायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? एका वाक्याचं काम होतं. मी दुसरा शब्द शोधला असता. शंभर शोधले असते. नाहीतर तुझ्यासोबत बसून त्या पोरांना शिव्या घातल्या असत्या. जगातल्या सगळ्या शब्दांची मुळं खणलीस, आणि हे एक मूळ तेवढं झाकून ठेवलंस, तेही माझ्यापासून.

मी चाकू घेतला. शाई खरवडून सगळे चाळीस शब्द काढून टाकावेत म्हणून पहिल्या अक्षराला टोक लावलं. मौलवी साहेबांनी हात पुढे केला. मी तशीच थांबले. कड्याकडचं कुणी पोर हे वाचेल. त्याचेही कपडे त्याच्या आईने राखेत धुतलेले असतील. त्याला पुस्तकात छापलेलं दिसू दे की त्याच्या आईला रसायन येतं. त्याला कुणी राखुंड्या म्हणालं तर त्याने पान उघडून दाखवावं. तुझ्याकडे असं पान नव्हतं, म्हणून तुला राख नको होती. त्याच्याकडे असेल. तू इथे असतास तर मी हे असंच तोंडावर बोलले असते, आणि तू "तुला कळत न्हाई" म्हणून पागोटं उचललं असतंस. मी चाकू मिटला. राखखार आहे तिथे आहे.

मग मी नवी दरखास्त लिहायला घेतली. मौलवी साहेब पान चघळत बसले होते. लिहून झाल्यावर मी सांगितलं, नानांनी सही दिली नाही.

"वली ना हो तो कोई मोतबर आदमी चलता," ते म्हणाले. "शहर का कोई भी भला आदमी. मैं पूछ के आया."

"आधीबी चालत व्हतं?"

"हां. पहले भी."

म्हणजे मी उगाच तुझ्या मागे लागले होते. कुणीही चाललं असतं. पण मला तुझीच पाहिजे होती, तो माझा मूर्खपणा.

त्यांनी तुझ्या दौतीत लेखणी बुडवली, कागद गुडघ्यावर घेतला आणि उजवीकडून डावीकडे आपलं नाव ओढलं. वरून फुंकर मारली. चष्मा लावायलासुद्धा खिशात हात घातला नाही. तोंडातलं पान तसंच होतं.

तीन आठवडे तुझ्या उशाखाली होता तो कागद, दादा. मौलवी साहेबांना सही करायला एक दमसुद्धा लागला नाही.